वेढलेले जेवत होते, वेढणारे उपाशी होते: इंफाळ-कोहिमाने ब्रह्मदेशातलं युद्ध कसं फिरवलं

मोठी लढाई म्हटलं की मराठी माणसाला पानिपत आठवतं. १४ जानेवारी १७६१ ला एका दिवसात मराठ्यांची एक पिढी कापली गेली. पण पुढची दहा-अकरा वर्षं बघा. १७७१ मध्ये मराठी फौजा पुन्हा दिल्लीत होत्या आणि १७७२ च्या जानेवारीत मुघल बादशहा शाह आलम मराठ्यांच्या, मुख्यतः महादजी शिंद्यांच्या, बळावर दिल्लीत परतला. जिंकलेला अब्दाली मात्र राज्य करायला थांबलाच नाही. पानिपताने मराठ्यांचं नुकसान खोलवर केलं, यात शंकाच नाही. तरीही उत्तरेतला डाव तिथे संपला नाही.

मग युद्ध फिरतं ते कशाने? माझ्या मते दोन गोष्टी लागतात. हरणाऱ्याने असं काहीतरी गमावलं पाहिजे, जे पुढच्या हंगामाआधी त्याला पुन्हा उभं करता येणार नाही. आणि जिंकणाऱ्याच्या हाती अशी रीत लागली पाहिजे, जी पुढच्या मैदानातही चालेल. हे दोन्ही एकाच लढाईत जुळून आलं की युद्ध तिथून वळतं. मृतांचा आकडा किंवा जिंकलेला मुलूख एवढ्यावरून ते ओळखता येत नाही.

१९४४ ची इंफाळ-कोहिमाची लढाई याचं माझ्या पाहण्यातलं सगळ्यात स्वच्छ उदाहरण आहे. ती आपल्या देशाच्या मातीवर झाली, दोन्ही बाजूंनी भारतीय माणूस लढला, मराठा पलटणीने तिच्यात माणसं खर्ची घातली. तरी आपल्याकडे तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं, याची मला खंत वाटते.

सुरुवात करावी लागते ती १९४२ पासून. त्या मार्चमध्ये जपान्यांनी रंगून घेतलं आणि मेपर्यंत ब्रिटिशांना ब्रह्मदेशातून रेटत मणिपूरच्या डोंगरांपर्यंत आणलं. जपान्यांची रीत साधी होती. ब्रिटिश फौज ट्रकांवर अवलंबून, म्हणून रस्त्याला बांधलेली. जपानी पायदळ पाठीवर तांदूळ आणि काडतुसं घेऊन रानातून वळसा घाली आणि ब्रिटिशांच्या मागे रस्ता अडवून बसे. रस्ता तुटला की रसद तुटली. मग पुढे लढणाऱ्या फौजेला मोर्चा सोडून तो अडथळा फोडायला मागे वळावं लागे. हे इतक्या वेळा घडलं की पाठीमागून गोळीबार ऐकू आला म्हणजे सगळं संपलं, ही भीती सैनिकांच्या अंगात मुरली.

त्या माघारीचं नेतृत्व करणाऱ्यांपैकी एक होता जनरल विल्यम स्लिम. पुढे १९४३ मध्ये चौदावी आर्मी उभी राहिली, तेव्हा तिची सूत्रं त्याच्याकडे आली. या आर्मीत बहुसंख्य सैनिक भारतीय होते. पंजाबी, गुरखे, डोग्रा, जाट, मराठे, मद्रासी, सगळे. स्लिमने काढलेला तोडगा असा: वेढले गेलात तर मागे फिरायचं नाही. आहात तिथेच चारी दिशांना तोंड करून ठाण मांडायचं. दारूगोळा आणि शिधा विमानातून येईल. दरम्यान आपली राखीव फौज बाहेरून येईल आणि वेढा घालणाराच कात्रीत सापडेल.

हे कागदावर ठीक होतं. ते खरं ठरलं फेब्रुवारी १९४४ मध्ये, आराकानात, म्हणजे ब्रह्मदेशाच्या पश्चिम किनारपट्टीत. जपान्यांनी नेहमीसारखा वळसा घालून सातव्या भारतीय डिव्हिजनचा रसदतळ घेरला. तिथे कारकून, आचारी, दवाखान्यातली माणसं, खेचरवाले असे सगळे होते. त्यांनी हाती बंदुका घेतल्या, टँकांची साथ होती, वरून डाकोटा विमानं पॅराशूटने माल टाकत राहिली. जपानी मोजक्या दिवसांचं अन्न घेऊन आले होते, उरलेलं ब्रिटिशांच्या गोदामातून मिळेल या हिशोबाने. गोदाम मिळालं नाही. जवळपास तीन आठवड्यांनी ते परत फिरले. लढाई तशी छोटी, पण ब्रह्मदेशाच्या आघाडीवर वळशाचा डाव इतक्या साफपणे फसण्याची ही पहिलीच वेळ होती.

जपानच्या पंधराव्या आर्मीचा सेनापती रेन्या मुतागुची याने यातून धडा घेतला नाही. त्याची इंफाळवरची मोहीम तोवर मंजूर झाली होती. हाच मुतागुची १९४२ मध्ये म्हणत होता की चिंदविन नदी आणि पलीकडचे डोंगर ओलांडून मोठी फौज भारतात नेणं अशक्य आहे. १९४३ मध्ये ब्रिटिश अधिकारी विंगेट आपली चिंडिट तुकडी घेऊन तेच डोंगर उलट दिशेने पार करून ब्रह्मदेशात शिरला, आणि मुतागुचीचं मत पालटलं. ते जाऊ शकतात तर आम्हीही जाऊ. पण विंगेटच्या माणसांना विमानातून शिधा मिळत होता आणि मुतागुचीकडे तेवढी विमानं नव्हती. माझ्या दृष्टीने या लढाईचा निकाल बराचसा इथेच लागला.

मुतागुचीच्या योजनेत तीन डिव्हिजन होत्या, एकूण सुमारे ८५,००० माणसं. दक्षिणेकडून एक, मधून एक, आणि तिसरी, म्हणजे जनरल कोतोकु सातोची एकतिसावी डिव्हिजन, सगळ्यात वरून नागा टेकड्यांमधल्या कोहिमावर. दिमापूरच्या रेल्वेपासून कोहिमामार्गे इंफाळला जाणारा एकच धड रस्ता होता. कोहिमा पडलं की इंफाळची नाडी दाबली गेली. शिधा तीन आठवड्यांचा. गुरांचे कळप बरोबर हाकत न्यायचे: आधी त्यांच्यावर ओझी लादायची, मग त्यांना कापून खायचं. प्रत्यक्षात कितीतरी गुरं चिंदविन ओलांडतानाच बुडाली, उरलेली चढावर थकून पडली. त्यानंतरचं सगळं इंफाळची गोदामं हाती येण्यावर अवलंबून होतं. मेच्या मध्याला पाऊस सुरू होणार, त्याआधी काम उरकायचं होतं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात जपानी निघाले. स्लिमचा बेत आपल्या पुढच्या दोन डिव्हिजन मागे घेऊन इंफाळच्या सपाट खोऱ्यात लढण्याचा होता. तिथे त्याच्या विमानांना धावपट्ट्या होत्या, टँकांना मोकळी जमीन होती, आणि जपान्यांच्या पाठीमागे मात्र शेकडो किलोमीटरचे डोंगर. बेत चांगला, पण दोन ठिकाणी चुकला. दक्षिणेला ब्रह्मदेशातल्या तिद्दीमला असलेल्या सतराव्या डिव्हिजनला माघारीचा हुकूम उशिरा गेला आणि तिला वाट फोडत यावं लागलं. दुसरी चूक जास्त जिवावरची होती. कोहिमाकडे फार तर एक रेजिमेंट, म्हणजे डिव्हिजनचा साधारण तिसरा हिस्सा, येईल असा स्लिमचा अंदाज होता. आली पूर्ण डिव्हिजन.

ती आणखी लवकर पोचली असती. ती अडली ती सांगशाकला, आणि हे नाव मराठी वाचकाने लक्षात ठेवायला हवं. उखरूलहून इंफाळकडे येणाऱ्या वाटेवरचं हे तांगखुल नागांचं गाव. तिथे नवी कोरी ५० वी भारतीय पॅराशूट ब्रिगेड आणि तिच्या जोडीला पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन होती. खडकाळ जमीन, खंदक खोल खणता येईनात. काटेरी तार नाही. पाण्याची टंचाई. विमानातून टाकलेला माल बराचसा जपान्यांच्या बाजूला पडे. तरीही २६ मार्चपर्यंत, जवळजवळ एक आठवडा, ही माणसं हटली नाहीत. त्या रात्री हुकूम आल्यावर उरलेसुरले अंधारातून वाट काढत इंफाळकडे निघाले. याच धुमश्चक्रीत एका मृत जपानी अधिकाऱ्याजवळ नकाशा सापडला आणि शत्रू काय करणार आहे, कोहिमाकडे किती मोठी फौज चालली आहे, ते त्यावरून कळलं.

त्या आठवड्यात काय झालं? १९ मार्चपासून पाचवी भारतीय डिव्हिजन तोफा, जीप आणि खेचरांसकट विमानात घालून आराकानातून उत्तरेला आणली जात होती. त्यासाठी चीनकडे माल नेणारी काही अमेरिकन विमानं दोस्तांचा आग्नेय आशियातला सरसेनापती माउंटबॅटनने स्वतःच्या जबाबदारीवर इकडे वळवली होती. तिचे दोन ब्रिगेड इंफाळला उतरले, एक दिमापूरला. सांगशाकच्या टेकडीवर गेलेला प्रत्येक दिवस या विमानांना मिळालेला दिवस होता. निर्णायक लढाईच्या पोटात अशा लहान लढाया असतात. नकाशावर त्या पराभव म्हणून नोंदल्या जातात, पण मोठा निकाल त्यांच्या खांद्यावर उभा असतो.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कोहिमा घेरलं गेलं. आत सुमारे १,५०० लढणारे: रॉयल वेस्ट केंटची एक बटालियन, आसाम रेजिमेंटचे जवान, इतर तुकड्यांमधून गोळा झालेले. बाहेर बारा हजारांहून जास्त. दोन आठवड्यांत बचावाचा घेर आक्रसत एका टेकडीवर आला. डेप्युटी कमिशनरच्या बंगल्याशेजारी एक टेनिस कोर्ट होतं. त्याच्या एका कडेला हे, दुसऱ्या कडेला ते, आणि मधल्या मोकळ्या पट्टीवरून हातबॉम्बची फेकाफेक. जखमींना न्यायला सुरक्षित जागा नव्हती. ते खंदकात पडून असायचे आणि तिथेच पुन्हा जखमी व्हायचे. पाणी मोजून मिळे.

हे ठाणं टिकलं याचं मोठं श्रेय दिसत नसलेल्या माणसांना आहे. तीनेक किलोमीटरवर जोत्सोमाला १६१ वा भारतीय ब्रिगेड अडकला होता, पण त्याच्या डोंगरी तोफा तिथून कोहिमाच्या कडा झाकू शकत होत्या. टेकडीवरून खबर मिळाली की गोळे आपल्या खंदकांपासून काही मीटरवर येऊन पडत. इतका नेम धरायचा म्हणजे तोफेवरच्या माणसावर केवढा भार. नागा गावकऱ्यांनी जखमींच्या डोल्या वाहिल्या, वाटा दाखवल्या, जपान्यांच्या हालचाली कळवल्या. लढाई त्यांच्या घरांत आणि शेतांत चालली होती, हे विसरून चालणार नाही.

१८ एप्रिलला दिमापूरकडून मदत पोचली. तरी जपान्यांनी टेकडीवरचे बाकीचे मोर्चे सोडले नाहीत. १३ मेला एक टँक कसाबसा वर चढवून त्या टेनिस कोर्टवर उतरवला आणि अगदी जवळून जपानी बंकर फोडले, तेव्हा कुठे ती कडा मोकळी झाली. आज तिथे युद्धस्मशान आहे आणि कोर्टाच्या रेषा जपून ठेवल्या आहेत. हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन झालं होतं, त्यांच्यापैकी ९१७ जणांची नावं तिथल्या स्मारकावर आहेत.

सातोने कोहिमा नुसतं दाबून ठेवून थेट दिमापूर गाठलं असतं तर? तिथे प्रचंड रसदतळ होता आणि संरक्षणाला फारसं कोणी नव्हतं. मुतागुचीला तेच हवं होतं, पण त्याच्या वरच्या जनरल कावाबेने नकार दिला. दिमापूरला जायला मिळालं असतं तर सातोच्या माणसांना तांदूळ मिळाला असता. ही लढाई आधीच ठरलेली होती असं जे म्हणतात, त्यांनी या प्रश्नापाशी थांबून विचार करावा. बाजू स्लिमकडे झुकलेली होती, पण एप्रिलच्या त्या दिवसांत ती फिरू शकली असती.

आता इंफाळकडे येऊ. मार्चअखेरीस रस्ता तुटला आणि सुमारे दीड लाख माणसं खोऱ्यात कोंडली गेली. पानिपतावर नेमकं हेच झालं होतं. दिल्लीची वाट तुटली, रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले, छावणीत अन्न संपलं आणि शेवटी भाऊसाहेबांना उपाशी फौज घेऊन बाहेर पडावं लागलं. इंफाळमध्ये वेढा तसाच होता, पण आकाश मोकळं होतं. वेढ्याच्या काळात विमानांनी सुमारे १९,००० टन माल आणि १२,००० माणसं आत आणली. जखमी आणि न लढणारी मिळून पन्नास हजारांहून जास्त माणसं बाहेर नेली. एक मजूर बाहेर नेला की आत खाणारं एक तोंड कमी. शिधा कमी करावा लागला, पण उपासमार झाली नाही.

म्हणूनच धावपट्टीवर नजर ठेवता येईल अशी प्रत्येक टेकडी दोन्ही बाजूंना जिवापेक्षा मोलाची झाली. इंफाळच्या मुख्य धावपट्टीच्या उत्तरेला नुंगशिगुम नावाचा उभा डोंगर आहे. जपान्यांनी तो घेतला. १३ एप्रिलला डोग्रांच्या पायदळाबरोबर टँक त्या चढावर गेले. इतक्या उभ्या डोंगरावर टँक येतील हे जपान्यांच्या स्वप्नातही नव्हतं. माथ्याची धार अरुंद, पुढचं दिसावं म्हणून टँकवाल्यांना डोकं बाहेर काढावं लागे, आणि तसं काढलं की गोळी लागे. टँकांचे आणि डोग्रांचे सगळे ब्रिटिश अधिकारी मेले किंवा जखमी झाले. शेवटचा हल्ला सुभेदार रणबीर सिंग आणि सार्जंट मेजर क्रॅडॉक या दोघांनी नेला आणि डोंगर परत घेतला. जपानी धावपट्टीच्या इतके जवळ पुन्हा आले नाहीत.

एप्रिल सरला, मे उजाडला, आणि वेढणाऱ्यांची अवस्था वेढलेल्यांपेक्षा वाईट झाली. पाऊस आला, वाटा वाहून गेल्या, मलेरिया आणि हगवण पसरली. चिंदविन ओलांडल्यापासून आपल्याला ना तांदूळ पोचला ना काडतुसं, अशी सातोची तक्रार होती. मेअखेरीस त्याने हुकूम मोडून आपली डिव्हिजन कोहिमातून मागे घेतली. जपानी सैन्यात डिव्हिजनच्या सेनापतीने असं करणं जवळजवळ अकल्पनीय होतं. माझ्या मते त्या सगळ्या मोहिमेत आपल्या सैनिकांकडे माणूस म्हणून पाहणारा जपानी सेनापती तोच. मुतागुचीने या लढाईत आपल्या तिन्ही डिव्हिजनच्या सेनापतींना पदावरून काढलं. जूनमध्ये तो आणि कावाबे समोरासमोर बसले, मोहीम फसल्याचं दोघांनाही कळलेलं, पण माघारीचा शब्द दोघांपैकी कोणीही काढला नाही. त्या गप्प बसण्याची किंमत सैनिकांनी भरली. हुकूम निघाला जुलैत. तोवर २२ जूनला दिमापूरहून १०९ व्या मैलाच्या दगडाजवळ दोन्हीकडच्या फौजा भेटल्या होत्या आणि इंफाळचा रस्ता खुला झाला होता.

जपान्यांची हानी पन्नास हजारांच्या वर, त्यात सुमारे ३०,००० मृत, आणि बरेचसे भुकेने व रोगाने. ब्रिटिश-भारतीय बाजूची हानी सुमारे १७,०००. पण सुरुवातीला म्हटलं तसं, आकड्यांच्या पलीकडे पाहायला हवं. जपान्यांची ओझ्याची जनावरं जवळजवळ सगळी मेली, तोफा डोंगरात सोडाव्या लागल्या, डोंगरात लढायला मुरलेलं पायदळ संपलं. अशी माणसं वर्षभरात तयार होत नाहीत. पॅसिफिकमध्ये अमेरिका पुढे सरकत होती, त्यामुळे जपानमधून भरपाई यायची शक्यताही नव्हती. हरणाऱ्याने काय गमावलं, याचं उत्तर हे.

जिंकणाऱ्याने काय कमावलं ते पुढच्या वर्षी दिसलं. स्लिमने मंडालेवर चढाईचा देखावा उभा केला आणि खरी फौज दक्षिणेला, जपान्यांच्या रसदीचं केंद्र असलेल्या मेक्तिलावर घातली. ते घेणारी सतरावी भारतीय डिव्हिजन होती, म्हणजे १९४२ मध्ये माघार घेतलेली आणि १९४४ मध्ये तिद्दीमहून वाट फोडत आलेली तीच. मेक्तिलात जपान्यांनी तिला घेरलं. ती विमानांच्या भरवशावर बसून राहिली आणि घेरणारे झिजले. २० मार्च १९४५ ला मंडाले, ३ मेला रंगून. जपानचा अंतिम पराभव पॅसिफिकमध्ये झाला, त्याचं श्रेय इंफाळला देणं अतिशयोक्ती होईल. ब्रह्मदेशातलं युद्ध मात्र इथेच फिरलं.

आणखी एक परिणाम आहे, आणि भारतीय म्हणून मला तो तितकाच महत्त्वाचा वाटतो. जपान्यांबरोबर आझाद हिंद सेनाही आली होती. १४ एप्रिल १९४४ ला मोइरांगला कर्नल शौकत मलिक यांनी तिरंगा फडकवला. इंफाळ घेतलं की भारतात उठाव होईल, अशी नेताजींची आशा होती. ते घडलं नाही. त्यांच्या सैनिकांनाही त्याच भुकेने आणि मलेरियाने गाठलं. पण नोव्हेंबर १९४५ मध्ये इंग्रजांनी शाहनवाज खान, प्रेम सहगल आणि गुरबक्षसिंग ढिल्लों यांच्यावर लाल किल्ल्यात खटला भरला, आणि जी मोहीम लोकांना फारशी ठाऊक नव्हती ती घराघरात पोचली. १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत ‘तलवार’ या नौदलाच्या तळावर खलाशांनी बंड केलं, तेव्हा आझाद हिंदच्या कैद्यांना सोडा ही त्यांची एक मागणी होती. त्याआधीच, जानेवारीत, सरसेनापती ऑकिनलेकने त्या तिघांची जन्मठेप माफ केली होती. इंफाळला विजय मिळवून देणारी भारतीय फौज हे खटले मुकाट्याने सहन करील, याची खात्री त्याला उरली नव्हती.